अंगात कोण आलं होतं

मला फेफरं येत नव्हतं. माझ्या अंगात येत नव्हतं. आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका म्हणायच्या तसं मी सोंगही करत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हांला या तिन्हींपैकी काहीतरी वाटेलच, आणि तसं वाटलं की तुम्ही माझ्या आत्तीच्या बाजूला जाऊन बसाल. आत्तीच्या बाजूला जन्मभर पुष्कळ माणसं होती. तिला तुमची गरज नाही.

आमचं घर शहापुरात, विणकरांच्या गल्लीत होतं. घर कसलं, मागाची खोली होती आणि तिच्या कडेकडेनं आम्ही राहत होतो. जमिनीत खणलेले दोन खड्डे, त्यांवर दोन माग, मागच्या बाजूला चूल, परसात न्हाणी आणि एक पपईचं झाड. फटफटलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, खड्ड्यात पाय सोडून बसत आणि त्यांचा धोटा उभ्या सुतातून पळायला लागे. त्यांच्यापाठोपाठ शेजारचे, मग पलीकडचे, असं करत सगळी गल्ली खटक्याला लागे. आम्हा पोरांना त्या आवाजात झोप येई आणि आवाज थांबला की जाग येई. एखाद्या घरचा माग भलत्या वेळी थांबला तर बायका हातातलं टाकून दारात येत, कारण तसं कारणाशिवाय होत नसे. घरभर तांदळाच्या खळीचा वास असायचा. सूत ताठ राहावं म्हणून त्याला खळ लावत, आणि त्या खळीसाठी कढवलेल्या पेजेतली वाटीभर आई आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. तिच्यात मीठ आणि लसणीची चटणी. बरोबर जोंधळ्याची भाकरी असली तर जेवण झालं. परवा सूनबाई कसलंसं पांढरं सूप घेऊन आली. ते पिऊन मी म्हटलं, चांगलं आहे, पण ह्यानं सूत ताठ व्हायचं नाही.

घरात राज्य आत्तीचं. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. प्लेगात दोघांचे आईबाप गेले तेव्हा आप्पा पाळण्यातून नुकते उतरले होते. आत्तीनं त्यांना काखेला मारून वाढवलं, त्यांच्यासाठी लोकांच्या मागांच्या सुताच्या कांड्या भरल्या, स्वतःचा संसार मोडून आली तीही ह्याच घरात. त्यामुळे आप्पा तिच्यासमोर आवाज चढवत नसत. खरं तर ते कुणासमोरच चढवत नसत. आई सगळा दिवस रहाटावर बसून कांड्या भरायची आणि आत्ती बोलत असली की तिचा रहाट जरा जोरात फिरायचा. एवढंच काय ते तिचं उत्तर. मला लहानपणी ते उत्तर वाटत नसे. आता वाटतं.

पहिल्यांदा झालं ते साडीमुळं. मागावरची साडी विणता विणता गुंडाळली जाते, त्यामुळे विणणाऱ्यालाही तिचा वीतभरच भाग दिसतो. बाकीची आत गुडूप. मी रोज ती वीत बघत होते. अंजिरी अंग, त्याला हळदीच्या रंगाचा काठ, काठात लाल रेघ. रोजचीच वीत, त्यात काही विशेष नव्हतं. मग साडी पुरी झाली, आप्पांनी ती कापून मागावरून उतरवली आणि आई नि ते दोन टोकं धरून दारातल्या उन्हात उभे राहिले. तोवर जे तुकड्यानं पाहिलं होतं ते एकदम सगळं समोर आलं. माझ्या पोटऱ्यांतून काटा उठला आणि मानेपर्यंत चढला. दात एकमेकांवर वाजायला लागले, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मला रडू मात्र येत नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की ते अंगाला सोसेना. मग मी मागच्या मागे कांड्यांच्या टोपलीत बसले.

आत्तीनं कांदा फोडून नाकाशी धरला. शेजारची चंद्राकाकू म्हणाली, चप्पल हुंगवा, फेफरं हाय. आप्पांची चप्पल हुंगवली. मी ती बाजूला ढकलून म्हटलं, "सरका की, साडी दिसंना झालीया." बायकांनी चप्पल परत दाराशी नेऊन ठेवली. कारण फेफरं आलेलं माणूस असं बोलत नाही. मग आत्तीच्या ध्यानात आलं की तो मंगळवार होता.

आमच्याकडे मंगळवार हा यल्लम्माचा. त्या दिवशी जोगतिणी परडी घेऊन दारोदार यायच्या, चौंडकं वाजवत देवीची गाणी म्हणायच्या, आणि कुणा बाईच्या अंगात यायचं असलं तर त्या दिवशी यायचं. आत्तीनं माझ्या कपाळाला भंडारा फासला आणि तिथून माझं घरातलं स्थान बदललं. पुढं चंद्राकाकूनं जात्यावर एक गाणं म्हटलं, तिचा गळा पहाटेच्या वेळी फार मोकळा असायचा, तेव्हा मी भिंतीला धरून थरथरले. गल्लीतून एका लग्नाच्या वरातीत कुठल्याशा गावचा सनईवाला गेला तेव्हा मी त्याच्यामागं वेशीपर्यंत चालत गेले आणि तिथं बसकण मारली. प्रत्येक वेळी आत्ती वार बघायची. मंगळवार नसला तर शुक्रवार निघायचा, तोही नसला तर पुनव जवळ आलेली असायची. शोधलं की सापडतंच.

हळूहळू बायका यायला लागल्या. मला पाटावर बसवायच्या, ओटीत खोबरं-गूळ घालायच्या आणि विचारायच्या, म्हैस कुठं गेली, पोराचं लग्न कधी जमंल. मी खोबरं खायची आणि म्हणायची, मला काय म्हाईत. त्याचेही त्या अर्थ लावायच्या. आत्ती मात्र बदलत चालली होती. इतकी वर्षं तिला लग्नाकार्यात मागं उभं राहावं लागलं होतं, आता गल्लीतल्या सवाष्णी तिला वाकून जात. तिचा राग मला तेव्हाही येत होता आणि अजूनही येतो, पण तिला हे सुख कुठून मिळालं होतं हेही मला कळतं. ती खोटं बोलत नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की देवीनं आमच्या घरातली पोरगी मागितली आहे.

मागितली म्हणजे काय, ते आम्हा मुलींना पक्कं ठाऊक होतं, जरी मोठी माणसं त्यातलं अर्धंच बोलत. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडायची. मग शाळा नाही, लग्न नाही. डोक्यावर परडी घेऊन मागत फिरायचं आणि पुढं कुणी पैसेवाला ठेवील तसं राहायचं. सरकारनं ह्याला बंदी केली होती म्हणतात, पण आमच्या गल्लीत सरकार कधी आलं नाही. माझ्याबरोबर सागरगोटे खेळणारी गौरी अशीच गेली होती. तिच्या केसांत जट निघाली, एवढंच कारण. गेली तेव्हा तिचे सागरगोटे माझ्याकडेच होते.

आप्पा तयार साड्या कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्या पलटणीच्या वस्तीतल्या, एका कापडवाल्याकडे पोचवायला जात. एका रविवारी त्यांनी मला बरोबर नेलं. येताना खव्याचा कुंदा घेऊन देईन म्हणाले होते, म्हणून मी नाचत निघाले. कॅम्पातले रस्ते रुंद, झाडं ओळीनं लावलेली, आणि सगळीकडे इतकं शांत की मला चुकल्यासारखं व्हायचं. एका चर्चच्या फाटकावरून जात होतो आणि आत वाजायला लागलं. बाजाची पेटी मी ऐकली होती. हे तिच्यासारखंच, पण जणू जमिनीखालून येत होतं. त्याच्यावर माणसांचे आवाज चढले, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, आणि वेगळे असून एकमेकांत बसलेले, धागा न तुटता. मला एक शब्द कळत नव्हता. मी फाटकाच्या खडीवरच कोसळले.

आतला माळी धावत आला. पाठोपाठ एक गोरा शिपाई आला आणि पाण्याची बाटली पुढं करून उभा राहिला. माळी म्हणाला, ह्याचा बूट हुंगवा, कातडं भारी हाय. शिपायाला काही कळेना. आप्पा त्यांची चप्पल काढायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. "नगं आप्पा," मी म्हटलं, "मला ऐकू द्या." आप्पांनी चप्पल खाली ठेवली. मग ते गठ्ठा मांडीवर घेऊन माझ्याशेजारी खडीवर बसले आणि आतलं गाणं संपेस्तोवर हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी अंगरख्याची बाही वर करून मला हात दाखवला. हातावरचे सगळे केस उभे होते.

"माझ्या बी आला काटा," ते म्हणाले. "पर घरात बोलू नगंस."

मी घरात गेल्या गेल्या बोलले. कुंदा तोंडात होता तरी बोलले. "आत्ती, आज मी गोऱ्यांच्या देवळाम्होरं पडले. यल्लम्मा तिथं कशाला यील?" आत्तीनं भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "परक्या जाग्यात नेलं म्हणून यल्लम्माआई चिडली. तिनंच पाडलं तुला." मी म्हटलं, "मंग आपल्या देवळात मी कवा का पडत न्हाय?" ते खरं होतं. आमच्या देवळातल्या आरतीला मी कधी जागची हलले नव्हते. आरती म्हणणारे बुवा असे ओरडायचे की मीच काय, भिंतीवरची पालसुद्धा पळून जायची. आत्ती म्हणाली, "तिथं आई हायच. तिथं यायची काय गरज?" असं तिचं. साडी बघून पडले तरी देवी, चर्चसमोर पडले तरी देवी, देवळात नाही पडले तरी देवी. ह्या सगळ्यात मी कुठं होते, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं जे होतं, ते माझं नाहीच असं ही सगळी माणसं म्हणत होती.

आता कुणी असं म्हणत नाही, पण वेगळं काहीतरी म्हणतातच. मागं एकदा गाण्याच्या मैफलीत मी खुर्चीतून घसरले तर मुलानं मला दवाखान्यात नेलं. डोक्याचे फोटो काढले, छातीला तारा लावल्या. काही सापडलं नाही. नात म्हणते, आजी, परदेशात लोक चित्रं बघून चक्कर येऊन पडतात, डॉक्टरांनी त्याला नाव ठेवलंय. ठेवू दे. आत्तीनंही ठेवलं होतं. मला त्या नावाचा काही उपयोग नाही, मी सनई ऐकतेय तोवर ह्या लोकांनी जरा गप्प बसावं एवढंच माझं म्हणणं आहे.

तर पुढच्या मंगळवारी जोगव्वाला बोलवायचं ठरलं. जोगव्वा म्हणजे आमच्या गल्लीत नेमानं येणारी म्हातारी जोगतीण. काळी, उंच, तोंडात दात थोडे, केसांची एकच जट दोरखंडासारखी पाठीवर सोडलेली. तिचं चौंडकं आम्ही पोरं दुरून ऐकायचो. लाकडाच्या पोकळ नळकांड्याला खालून कातडं, कातड्यातून वर ताणलेली एक तार. त्या एका तारेतून ती काय काय काढायची. तिला मी तोपर्यंत जवळून कधी ऐकलं नव्हतं, कारण मंगळवारी सकाळी मी शाळेत असायची. आमच्याकडची रीत अशी, की तिनं मुलीसमोर बसून गायचं. मुलगी हलली तर घरच्या वडीलधाऱ्या बाईनं तीनदा विचारायचं, कोण आलंय. अंगातलं जे असेल ते आपलं नाव सांगतं. देवीचं नाव निघालं की माळ तिथल्या तिथं बांधायची. आत्तीनं मणी आणून दोऱ्यात ओवून कोनाड्यात ठेवलेसुद्धा होते. मला ते जेवताना दिसायचे.

मी हलणार हे मला माहीत होतं. कोण आलंय म्हणून विचारल्यावर माझ्या तोंडून काय निघेल हे मात्र माहीत नव्हतं. त्या वेळी माझी जीभ माझी राहील का? तोवर मी कधी तशा अवस्थेत स्वतःचं नाव घेऊन बघितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आप्पांनी मला परसात बोलावलं. पपईच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी दिव्याच्या वातीच्या कापसाचे दोन बोळे माझ्या हातात ठेवले. "तुझं क्यास मोकळं सोडत्यात आज," ते म्हणाले. "कान झाकत्यात. हे आत कोंब. काय ऐकूच आलं न्हाय तर काय हुयाचं न्हाय. नुसतं बसून ऱ्हा." मी विचारलं, "तुमीच सांगा की आत्तीला." ते माझ्याकडे बघत नव्हते. पपईच्या बुंध्यावरची साल नखानं काढत होते. "तिच्याम्होरं माझं तोंड उघडत न्हाय पोरी," ते म्हणाले. "मला जमतंय ते हे." मी बोळे कानात कोंबले आणि जग एकदम दूर गेलं. माग दूर गेले, कावळे दूर गेले. आप्पा काहीतरी बोलले तेही ऐकू आलं नाही.

पुढच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आमचा माग बंद, शेजारचाही बंद. आईला आत्ती हातवारे करून रहाट थांबव म्हणत होती आणि आई चुलीकडे तोंड करून तो फिरवत होती, जणू तिच्याही कानात कापसाचे बोळे होते. मला पाटावर बसवलं. जोगव्वा समोर बसली, चौंडकं काखेत धरलं आणि तिची बोटं तारेवर पडायला लागली. मला बोटं दिसत होती, गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या, तोंड उघडताना मिटताना दिसत होतं. आवाज नाही. लांबच्या ओढ्यासारखी काहीतरी गुणगुण, बस्स. मी भिंतीकडे बघत बसून राहिले. एक गाणं झालं. मी दगड. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, चंद्राकाकूनं जांभई दिली, आत्तीचा चेहरा उतरला. मी सुटले होते. अजून थोडा वेळ अशीच बसले असते तर माळ कोनाड्यात राहिली असती आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले असते.

आत्तीनं जोगव्वाला आणखी एक म्हण म्हणून सांगितलं असावं. जोगव्वानं ह्या वेळी चौंडकं बाजूला ठेवलं. तिनं डोळे मिटले, एक हात गुडघ्यावर पालथा टाकला आणि नुसत्या गळ्यानं सुरुवात केली. सूर खालचा होता, आणि खालचा सूर कापसातून येतो. अगदी बारीक आला, दाराच्या फटीतून ऊन यावं तसा. तेवढ्यावरून मला कळलं की फटीपलीकडे काय आहे. माझ्यापासून दोन हातांवर कुणीतरी असं गात होतं आणि मी कानात वाती कोंबून भिंत बघत होते. मला स्वतःची लाज वाटली. आत्तीच्या भीतीनं मी हे सोडायचं? मग तिच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? तिलाही ते ऐकू येत नव्हतंच. मी केसांत हात घातला, दोन्ही बोळे उपटून काढले आणि सगळ्यांच्या देखत समोर टाकले.

दारात उभ्या आप्पांनी डोळे मिटून घेतल्याचं मला आठवतं. मग आवाज पुरा आला आणि बाकी सगळं गेलं. त्या गाण्याचं मी वर्णन करणार नाही, मला ते जमलं असतं तर मी गाणं केलं असतं, हे लिहीत बसले नसते. एवढंच सांगते की म्हातारीचा गळा फाटका होता आणि त्या फाटक्यातूनच ती सूर असा वर नेत होती की वाटावं आता तुटेल, आणि तो तुटत नव्हता. काटा पोटऱ्यांतून उठला. दात वाजले. पाटासकट मी हलायला लागले, डोळ्यांतून, नाकातून पाणी. बायकांनी हात जोडले. कुणीतरी भंडारा उधळला तो माझ्या तोंडात गेला.

आत्ती पुढं सरकली. "कोन आलंय?"

माझी जीभ जड झाली होती. दातांतून शब्द सुटेना. पण ती माझीच होती. मी तिला हलवलं. "कोन न्हाय," मी म्हटलं. "मीच हाय."

"नाव सांग आई. कोन हैस तू?"

"चंपी. रामू विणकराची लेक. तिसरीत हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आत्तीनं माझे दोन्ही दंड धरले. आता ती रडवेली झाली होती. "तिसऱ्यांदा इचारते. कोन हैस?"

"चंपी, चंपी, चंपी," मी म्हटलं. मी अजून थरथरत होते, मला ते लपवायचं नव्हतं. "किती येळा सांगू?"

"मंग अशी थरथरतीस का?"

"जोगव्वानं गायलं म्हणून. लई चांगलं गायली ती."

मागं आईचा रहाट तेवढा चालू होता. जोगव्वानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग खाली पडलेल्या बोळ्यांकडे बघितलं, त्यातला एक उचलला, बोटांत फिरवला, आणि तिला सगळं कळलं.

"हे कानात हुतं?"

"व्हय."

"मंग काढलंस कशाला? सुटली हुतीस की."

"तुजं ऐकू येत न्हवतं नीट."

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं ती चिडली. ती पदरानं डोळे पुसत होती. घराघरांतून तिच्या परडीत धान्य पडत होतं, लोक तिच्या पाया पडत होते, तेही देवीचं म्हणून. तिचं गाणं चांगलं आहे असं तिला कधी कुणी म्हटलं नसावं. आत्ती कोनाड्यातली माळ घेऊन आली आणि तिच्यासमोर धरली. "भिऊन बोलतीया पोरगी. तू बांध. आई नंतर नाव सांगंल."

जोगव्वानं माळ घेतली नाही. "हिच्या अंगात हीच हाय," ती म्हणाली. "दुसरं कोन मावायचं न्हाय तिथं. मी बांधणार न्हाय."

"देवीचा कोप हुईल."

"झाला तर माझ्यावर हुईल. ह्या घरावर न्हाय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चौंडकं काखेला मारलं. दारापर्यंत गेली आणि वळून आत्तीला म्हणाली, आवाज न चढवता, "माझ्या येळंला तीनदा इचारलंतं. मी लहान हुते, भ्याले, गप बसले. गप बसले म्हंजे आईच हाय, म्हनले लोक." मग ती गेली.

आप्पा दारातून आत आले. बायका अजून बसलेल्याच होत्या, काहीतरी व्हायचं राहिलंय अशा. आप्पा त्यांच्यामधून वाट काढत गेले, खड्ड्यात पाय सोडले आणि माग सुरू केला. आत्ती म्हणाली, "रामू." आप्पांनी धोटा टाकला. ती पुन्हा म्हणाली, "रामू, मी बोलतीया." त्यांनी मान खाली घालून पुन्हा टाकला, जरा जोरात. शेजारचा माग सुरू झाला, मग पलीकडचा, आणि त्या आवाजात आत्तीचं बोलणं ऐकू येईनासं झालं. बायका एकेक उठून गेल्या. ती माळ आत्तीनं परत कोनाड्यात ठेवली आणि मरेपर्यंत काढली नाही. घरात धागा तुटला, दूध नासलं, मला ताप आला की ती कोनाड्याकडे बघायची. मीही बघायची, तिला दिसेल असं. पुढं मी सातवी झाले, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, माझं लग्न झालं, सगळं झालं. माझ्या अंगात मीच होते हे आत्तीनं कधी मान्य केलं नाही आणि मीही तिच्याकडून ते मागितलं नाही.

जोगव्वा मंगळवारी येतच राहिली. शाळेला सुट्टी असली की मी दारात जाऊन उभी राहायची. ती माझ्यासाठी मुद्दाम तार नीट लावून घ्यायची आणि उंबऱ्याबाहेर बसून एक गाणं म्हणायची. मी भर रस्त्यावर थरथरायची, रडायची, येणारे-जाणारे बघत राहायचे. मी कधी आत पळाले नाही. गाणं झालं की ती तोंडातले थोडके दात दाखवून विचारायची, "कोन हैस गं?" आणि मी सांगायची, "चंपी." हा आमचा खेळच झाला होता.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी ती पुष्कळ दिवसांनी आली. काठी टेकत आली. गळा गेला होता, चौंडकं वाजवायला बोटं वळत नव्हती. ती नुसतीच उंबऱ्यापाशी बसली. आईनं तिला पेज दिली, लसणीची चटणी घालून. ती पिऊन झाल्यावर तिनं सवयीनं विचारलं, "कोन हैस गं?"

"चंपी," मी म्हटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी तिला उलट कधी विचारलं नव्हतं. गल्लीत कुणीच विचारलं नव्हतं. जोगव्वा म्हणजे कुठलीही जोगतीण, ते काही नाव नव्हे. "आन तू गं?" मी म्हटलं. "तू कोन हैस?"

तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"गंगी," ती म्हणाली. "बसाप्पाची गंगी." मग तिनं मान वर केली आणि तेच पुन्हा एकदा म्हणाली, मोठ्यानं, गल्लीतल्या मागांवर बसलेल्यांना ऐकू जाईल असं.